मयताच्या घरची राखण

डिम्पना हेनेगनचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि म्हणूनच आमच्या किलनाशीत सगळ्यांचा तिच्यावर विश्वास होता.

आमच्याकडे कुणी गेलं की जिल्ह्याच्या रेडिओवर सकाळच्या बातम्यांनंतर त्याचं नाव, गाव, नातेवाईक, प्रार्थनेची वेळ असं सगळं वाचून दाखवतात. शेजारपाजारच्यांना कळावं म्हणून. पण कान चोरांनाही असतात. अमक्या वाजता अमक्या घरातली झाडून सगळी माणसं चर्चमध्ये असणार, हे त्यांना घरबसल्या कळायला लागलं. वरच्या गावात एका घरची मंडळी आजोबांना मातीआड करून परत आली, तर आजीच्या अंगठ्या, टीव्ही आणि पाहुण्यांसाठी कापून ठेवलेलं हॅमसुद्धा गेलेलं. तेव्हापासून रीतच पडली. प्रार्थना आणि दफन उरकेपर्यंत मयताच्या घरी राखणीला एक माणूस बसवायचं. आणि आमच्या भागात ते माणूस म्हणजे डिम्पना.

खरं तर ती बाहेरची. नवरा ख्रिस्टी ट्रकवरून निवृत्त झाला तेव्हा दोघं इथं राहायला आली. त्याला वीसेक वर्षं होऊन गेली, म्हणजे आमच्या हिशेबानं ती अजून नवीनच. ख्रिस्टी गेला त्या दिवशी तिच्या घरी राखणीला कुणी नव्हतं. त्याला खाली सोडत होते, पाद्री काहीतरी म्हणत होते, आणि हिच्या डोक्यात एकच घोळत होतं, मागचं दार ओढून घेतलं की नाही? घरी येऊन पाहिलं तर दार नीट लावलेलं. चाळीस वर्षांच्या जोडीदाराचा शेवटचा निरोप एका कडीपायी हुकला. ते तिला फार लागलं. पुढच्याच मयताला ती आपण होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जा सगळे. रडायला मोकळे व्हा. दार मी बघते."

तेव्हापासून गावातल्या एकाही मयताला ती चर्चमध्ये दिसली नाही, आणि गावातल्या एकाही घरातून एक चमचा हलला नाही.

फोन तिच्या गळ्यात पडला तो यातूनच. गावानं सावधगिरीची एक मंडळी काढली होती. अनोळखी गाडी दिसली की पोस्टातल्या कॉन्सेप्टाला कळवायचं, आणि कॉन्सेप्टा एका झटक्यात सगळ्या गावाला मेसेज टाकणार. राखणीच्या बाईकडे फोन नाही हे काही बरं दिसेना, म्हणून मंडळीनं तिला एक साधा आणून दिला. मोठाली बटणं, बोटभर पडदा, डोक्यावर टॉर्च. दर महिन्याच्या बिलाचा घ्यायचा की रिचार्जचा, असं कॉन्सेप्टानं विचारलं, तेव्हा डिम्पना म्हणाली, "बिल म्हणजे दर महिन्याला माझ्या घरात हात घालायची परवानगी. रिचार्जचाच दे. संपलं की संपलं, त्याचं तोंड बंद."

पण तोंड बंद ठेवणाऱ्यातला तो फोन नव्हता. बटण दाबलं की आतली एक बाई तो आकडा मोठ्यानं म्हणायची. कमी दिसणाऱ्यांची सोय, असं कॉन्सेप्टानं समजावलं. डिम्पनाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आपण कुणाला फोन लावतो हे या बाईला कशाला हवं? आणि तिला ऐकू जातं, तर आणखी कुणाकुणाला जात असेल? घरात ती फोन चहाच्या किटलीच्या टोपीखाली झाकून ठेवायची. बॅटरी आठवडाभर टिकते याचंही तिला कौतुक नव्हतं. एवढं न खाता जो जगतो, तो चोरून खात असणार. आणि काय खातो हेही तिनं शोधून काढलं होतं. बॅलन्स. म्हणून प्रत्येक फोननंतर आणि रोज सकाळी उठल्याबरोबर ती बॅलन्स तपासायची. रेडिओ होता, पण कानात वायर खुपसल्याशिवाय तो बोलायचा नाही. टॉर्च तेवढा तिला प्रामाणिक वाटायचा. लावला की लागतो, विझवला की विझतो, मध्ये स्वतःचं काही म्हणत नाही.

त्या फोनवर हौसेनं तिच्याशी बोलणारं माणूस एकच, पॅकी टॅन्सीची बायको ऊना. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "काय गं, आज कुणावर संशय?" असं ती पहिल्यांदा विचारायची, आणि मग डिम्पना जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. गावात तिला कुणी हसलं नाही असं म्हणायचं तर ती ऊनाच.

जानेवारीत ऊना गेली.

सकाळी पॅकीनं काळा सूट चढवला, किल्ली डिम्पनाच्या हातात दिली. मग म्हणाला, "आज तुला तिकडं यायचं असेल ना? दुसरं कुणीतरी बघू."

"दुसरं कोण? खालच्या घरचा मॅलॅकी? त्याला स्वतःची जीप उघडी टाकून फिरायची सवय. जा तू. आणि मॅलॅकीला तर खांदा द्यायचाय."

ते निघून गेले आणि घरात ती एकटी उरली. टेबलावर ओल्या फडक्याखाली सँडविचचे ढीग, गावाच्या हॉलमधून आणलेले कप, आरशावर चादर, ऊनाच्या शेवटच्या श्वासाला थांबवलेलं घड्याळ. डिम्पनाला रडू आलं. पण रडताना दिसत नाही आणि ऐकूही नीट येत नाही, म्हणून तिनं ते आवरलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

चर्चमध्ये प्रार्थना अर्ध्यावर आली असेल, तेव्हा बोळातून एक राखाडी गाडी वर आली. हळू, घरं न्याहाळत येणारी. अंगणात वळली तशी तिची मागची पाटी दिसली. पिवळी. म्हणजे गाडी इंग्लंडची.

गाडीतून साठीचा एक माणूस उतरला. घोटून केलेली दाढी, चांगला कोट. चोर हल्ली चांगलेच कोट घालतात. त्यानं घराकडे पाहिलं, गोठ्याच्या छपराकडे पाहिलं आणि पुढच्या दाराशी न येता सरळ घराला वळसा घालून मागं निघाला. आमच्याकडे पुढचं दार सोडून मागं जाणारा माणूस एकतर घरचा, नाहीतर चोर. आणि घरचे सगळे चर्चमध्ये होते.

डिम्पनानं इथल्याही किटलीच्या टोपीखाली झाकलेला फोन काढला. पॅकीचं घर, एकटा पुरुष, मागच्या दाराशी, इंग्लंडची राखाडी गाडी, एवढं तिनं लिहिलं. पुढं गाडीचा नंबर टाकायला लागली आणि आतल्या बाईनं एकेक आकडा खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. मेसेज गेला. डिम्पनानं चुलीचा लोखंडी चिमटा उचलला आणि मागचं दार स्वतःच उघडलं.

"काय हवंय?"

माणूस दचकून दोन पावलं मागं सरला. "घरात कुणी असेल असं वाटलं नव्हतं."

"हो ना. म्हणूनच आलात. तुमच्या गाडीचा नंबर सगळ्या गावाकडे गेलाय."

"ऐकला मी," तो म्हणाला. "तुमच्या फोननं मलाही वाचून दाखवला."

डिम्पनानं चिमटा थोडा वर धरला. "नाव?"

"फिन्टन टॅन्सी. पॅकीचा धाकटा भाऊ. कॉव्हेंट्रीला असतो."

हा फिन्टन तिनं कधी पाहिला नव्हता, पण त्याची गोष्ट ऊनाच्या तोंडून ऐकलेली होती. तीस वर्षांपूर्वी या दोघांचा बाप गेला तेव्हा समुद्र खवळला होता. फिन्टनची बोट उशिरा लागली आणि तो पोचला तेव्हा शवपेटी चर्चच्या दाराबाहेर आली होती. खांद्याला सहा माणसं उभी. पॅकी भावाला म्हणाला, "खांदेकरी झालेत. जागा नाही." एवढंच. फिन्टन स्मशानाच्या फाटकापर्यंत मागून चालत गेला, फाटकाशी वळला आणि जो गेला तो गेला. दोघांत एक अक्षर नाही. ऊना मात्र दर नाताळला त्याला कार्ड टाकायची आणि त्यात गावच्या बातम्या लिहायची.

गोष्ट खरी होती. पण म्हणून हा माणूस खरा, असं कुठं होतं?

"फिन्टन कुणालाही होता येईल," डिम्पना म्हणाली. "परवा रेडिओवर नाव वाचलं. 'कॉव्हेंट्रीचे दीर फिन्टन.' चोरांनीही ऐकलं असेल."

माणूस एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, "माझं नाव वाचलं?"

"वाचलं. का?"

"मला तिकडच्या एका ओळखीच्यानं ती गेल्याचं आणि प्रार्थनेची वेळ, एवढंच सांगितलं. रेडिओला नावं कोण देतं?"

"घरधनी देतो. आणखी कोण देणार?"

त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. डिम्पनानं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हे सोंग असेल तर फार चांगलं वठवलं होतं. पण चांगली सोंगं घेणारेही असतातच, आणि पॅकीनं घराची किल्ली तिच्या हातात दिली होती. यानं गाडी चालवण्याचा परवाना काढून दाखवला. तिनं तो हातातही घेतला नाही. "कागदाचं काय, हवा तो छापून मिळतो."

"मग मी जातो, बाई. ऊनाच्या खुर्चीत दोन मिनिटं बसायचं होतं. घर रिकामं असेल, कुणाला त्रास नको, म्हणून ही वेळ धरली. आमच्या वेळी मयताला घरं उघडीच टाकून जायचे."

आता त्याला जाऊ द्यावं, तर चोर हातचा जाणार. आत घ्यावं, तर इतक्या वर्षांचं नाव घालवून बसणार. आणि खरंच भाऊ असला, तर मयताच्या दिवशी दारात आलेल्या घरच्या माणसाला चिमटा दाखवून हाकलल्यासारखं होणार. ऊनानं काय केलं असतं? ऊनानं त्याला आत घेतलं असतं. पण ऊना कुणालाही आत घ्यायची, तिचं काय.

"या," डिम्पना म्हणाली. "चहा टाकते. दूध त्या मागच्या कोठीत आहे. तेवढं आणा."

मागच्या कोठीला खिडकी नाही. भर दुपारी आत काळोख असतो. पहिल्यांदा या घरी राखणीला आली तेव्हा डिम्पना तिथल्या दिव्याचं बटण शोधून शोधून थकली होती. भिंती चाचपल्या, शेवटी फोनच्या टॉर्चवर दूध काढलं. नंतर ऊनानं हसत हसत सांगितलं होतं, की बटण दाराच्या बाहेर आहे, कपाटाच्या आडोशाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. धाकट्याला अंधाराची भीती वाटायची, म्हणून सासऱ्यांनी ते त्याच्या हाताला येईल असं स्वतः बसवलं होतं.

माणूस कोठीकडे गेला. दाराशी पोचायच्या आधी, खाली न बघता, तो कमरेत किंचित वाकला आणि त्याचा हात कपाटामागं गेला. दिवा लागला.

डिम्पनानं चिमटा जागेवर ठेवला. "साखर किती घेतोस?" तिनं विचारलं.

तो ऊनाच्या खुर्चीत बसून चहा प्यायला. घराच्या भिंती आणि छत बघत होता. डिम्पनानं त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बोट किती वाजता?"

"संध्याकाळची. ते परत यायच्या आत निघतो."

"पॅकीला न भेटता?"

"त्याच्या बायकोच्या मयताला मी त्याच्यापुढं उभा राहू? आज? तीस वर्षांचं भांडण त्याच्या दारात घेऊन?" त्यानं कप खाली ठेवला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. "पण तुम्ही तर मेसेज पाठवलाय. म्हणजे सगळे इकडंच येणार."

"येणार तर."

"अहो, दुसरा पाठवा की. चुकलं म्हणून कळवा. मी निघतो."

डिम्पनानं फोन हातात घेतला. बॅलन्स होता. सकाळीच तपासला होता, आणि मेसेज टाकल्यावर पुन्हा एकदा. मनात आणलं असतं तर घटकेत सगळं मिटलं असतं. हा माणूस चहाचा कप विसळून बोळातून उतरून गेला असता, आणि पॅकीला कधी कळलंही नसतं की आपला भाऊ येऊन आपल्याच स्वयंपाकघरात बसून गेला. पण पॅकीनं भावाचं नाव दिलं होतं रेडिओला. तीस वर्षांनी. जो माणूस आपल्या बायकोला कधी 'छान झालंय' म्हणाला नाही, त्याला याहून मोठ्यानं हाक मारता येणार नव्हती.

"बॅलन्स संपला," डिम्पना म्हणाली. "हा फोन खातो."

"माझाही खातो," असं म्हणत त्यानं कोटातून आपला फोन काढला. तोच. तीच मोठाली बटणं, तोच डोक्यावरचा टॉर्च.

डिम्पनाला क्षणभर सगळ्याचा विसर पडला. "तुझाही? खरंच खातो ना?"

"खातो म्हणजे काय. न बोलताच उतरतो."

"मी सांगत होते त्या कॉन्सेप्टाला. मलाच वेड्यात काढलं. आणि ती आतली बाई?"

"तिला मी पहिल्याच दिवशी गप्प केली. मागं एक सेटिंग आहे. टॉर्च मात्र चांगला."

"टॉर्चला नाव ठेवायला जागाच नाही," डिम्पना म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूनं बोललं होतं, आणि नेमकं त्याच माणसाला आता फसवायचं होतं. तिनं त्याचा फोन घेतला, खिडकीशी गेली, त्याच्याकडे पाठ करून कॉन्सेप्टाचा नंबर आठवल्यासारखं केलं, चार बटणं दाबली, पुसली आणि फोन आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.

"गेला?"

"गेला," ती म्हणाली.

चर्चमध्ये काय झालं ते नंतर सगळ्यांनी सांगितलं. पाद्री डोळे मिटून उभे असताना बाकाबाकांवरचे खिसे एकाच वेळी गुरगुरले. कुणी वाचलं, कुणी वाचून शेजाऱ्याला दाखवलं. मॅलॅकी बाकावरून जो उठला तो बाहेर पळाला, आणि घरून ट्रॅक्टर काढून तो बोळाच्या तोंडाशी आडवा लावून वर बसून राहिला.

फिन्टन घाईत फोन न मागताच गाडीत बसला, अर्ध्या बोळात गेला आणि त्याला ट्रॅक्टर दिसला. गाडीतून उतरून त्यानं वर घराकडे पाहिलं. डिम्पना दारात उभी होती. तिनं मान दुसरीकडे वळवली. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर काळी लांब गाडी दिसली आणि तिच्यामागं चालत येणारं सगळं गाव. शेवटच्या वाटेवर घर लागलं तर त्यापुढं क्षणभर थांबायचं, ही रीत फिन्टनला माहीत होती. पण त्याच्या वेळचं स्मशान चर्चच्या पलीकडे होतं. ते भरलं, नवं याच रस्त्याला झालं, हे त्याला ऊनानं कधी लिहिलं नव्हतं.

शववाहिका ट्रॅक्टरपाशी थांबली. पॅकी उतरला. दोघं भाऊ त्या आडव्या ट्रॅक्टरच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि सगळं गाव जमिनीकडे बघू लागलं. डिम्पनाचा जीव टांगणीला लागला. आता पॅकीनं तोंड फिरवलं, तर हे सगळं आपण केलेलं.

"बोट कशी होती?" पॅकीनं विचारलं.

"हलली जरा."

"जानेवारीत हलणारच."

खाली माणसांनी ऊनाची पेटी बाहेर घेतली. इथून स्मशानाच्या फाटकापर्यंत खांद्यावर न्यायची होती. पॅकी धरून पाच जणांच्या जागा ठरलेल्या, आणि सहावा नव्हता. सहावा मॅलॅकी, तो वर ट्रॅक्टरवर बसलेला. तो घाईघाईनं उतरायला लागला.

"मॅलॅकी, तू बस," पॅकी म्हणाला. "ट्रॅक्टर बाजूला घे." आणि भावाकडे न बघता म्हणाला, "फिन्टन, एक जागा आहे."

फिन्टननं कोटाची बटणं लावली. ट्रॅक्टरच्या चाकाला वळसा घालून तो खाली गेला आणि पॅकीच्या मागच्या जागेला त्यानं खांदा दिला. पेटी हलली, सगळे चालू लागले. पॅकीच्या पाठीकडे बघत फिन्टन मोठमोठ्यानं रडत चालला होता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. डिम्पना दारात उभी राहून ऊनाला दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. या वेळी तिला कडीची आठवणही झाली नाही.

आत आल्यावर एप्रनमध्ये फिन्टनचा फोन हाताला लागला. तो घ्यायला त्याला परत यावंच लागणार होतं. त्याची संध्याकाळची बोट गेल्यात जमा होती. तिनं तो आपल्या फोनशेजारी किटलीच्या टोपीखाली ठेवला.

तेवढ्यात तिच्या फोनवर कॉन्सेप्टाचा मेसेज आला. चोर सापडला का? डिम्पनानं एकेक बटण दाबत उत्तर लिहिलं, घरचाच निघाला. पाठवलं, बॅलन्स तपासला, आणि मग टेबलावरचे चमचे मोजून घेतले. सगळे होते. तरी तिनं कपाटातून आणखी एक काढला आणि पॅकीच्या कपाशेजारी ठेवला.